पिल्लांचा दिवा कोण विझवतं?

"आडवं धर, सेतो, आडवं! आत पिल्लं आहेत, बटाटे नाहीत."

बसच्या दाराशी उभी राहून लारास हुकूम सोडत होती. हुकूम सोडणं हे तिचं आवडतं काम होतं आणि सुट्टी लागल्यापासून ते तिला पोटभर करायला मिळत होतं. सेतोने भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं छातीशी धरलं, दुसरं खोकं नस्तितीने घेतलं, आणि वोनोसोबोहून आलेली ती छोटी बस धूर ओकत वळणाआड गेली.

"मला वाटतं यातलं एक पिल्लू माझ्याशी बोलतंय," सेतो म्हणाला. "म्हणतंय, त्या आरडाओरडा करणाऱ्या मुलीपासून मला वाचव."

पिल्लं नस्तितीच्या आईची, बू रुसमिनीची होती. सुट्टीच्या सुरुवातीलाच डिएंगच्या पठारावर दव गोठून हिम पडलं आणि बू रुसमिनीचं बटाट्याचं रान एका पहाटेत काळंठिक्कर झालं. पुन्हा बियाणं लावण्यात अर्थ नव्हता. म्हणून तिने ही पिल्लं आणायचं ठरवलं होतं. ती मोठी होऊन विकली गेली तर वर्ष निभणार होतं. नाही झाली तर शाळा उघडायच्या आत नस्तिती सेमारांगला मावशीच्या खाणावळीत कामाला जाणार होती. नस्तितीने हे अगदी सहज, चपलेचा पट्टा लावता लावता सांगितलं होतं. लारासला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं. बालवाडीपासून त्या दोघी एका बाकावर बसत आल्या होत्या.

लारासच्या घराच्या खालच्या अंगाला, कोबीच्या वाफ्यांपलीकडे बू रुसमिनीचं खुराडं होतं. तिने त्यात भुशाचा जाड थर पसरला होता आणि मधोमध एक मोठा बल्ब टांगला होता. पिल्लं सोडली तशी ती थोडा वेळ बावचळली, मग एकेक करून बल्बखाली जमली आणि त्यांचा गलका हळूहळू बसला. पिल्लांचं एक बरं असतं. गारठली की ती कर्कश ओरडतात आणि एकमेकांच्या अंगावर चढतात. ऊब मिळाली की पसरून बसतात आणि झोपेत बडबडल्यासारखी चिवचिवतात. तिघंही भुशात गुडघे टेकून ती बडबड ऐकत बसली.

सूर्य डोंगराआड गेला आणि बल्ब विझला.

आजूबाजूच्या घरांत दिवे होते. टपरीवर दिवा होता, मशिदीवर होता. फक्त खुराड्यात अंधार झाला. पहाटे कधीतरी बल्ब आपोआप पुन्हा लागला, पण तोवर कोपऱ्यात पिल्लांचा ढीग झाला होता आणि ढिगाच्या तळाशी जी होती ती हलत नव्हती. नस्तितीने ती कोबीच्या वाफ्याच्या कडेला पुरली. ती रडली नाही, पण खड्डा मात्र उगाचच खूप खोल खणला.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. या वेळी बू रुसमिनीने कोळशाची शेगडी आत नेऊन ठेवली, पण धूर कोंडला आणि पिल्लं माना टाकायला लागली, तशी ती शेगडी धावत बाहेर काढावी लागली. मग तिने मावतील तेवढी पिल्लं चुलीपाशी टोपलीत ठेवली आणि उरलेली देवाच्या हवाली केली.

"हे कोणीतरी मुद्दाम करतंय," सकाळी लारासने जाहीर केलं. "दिवा मेला असता तर मेलाच असता. हा रोज संध्याकाळी जातो आणि रोज पहाटे येतो. आपण छडा लावायचा."

"जाऊ दे ना," नस्तिती म्हणाली.

"जाऊ दे काय? पिल्लं तुझी मरतायत."

"आई बघेल काहीतरी." एवढं बोलून नस्तिती पाणी आणायला गेली.

लारासला तिचा रागच आला. एवढी कशी ही मुखदुर्बळ? सेतोने मात्र लगेच संशयितांची रांग उभी केली. त्यात एक भूत होतं, ज्याला अंधाराशिवाय झोप येत नाही, एक उंदीर होता, ज्याला वीज गोड लागते, आणि शाळेतले गणिताचे सर होते, कारण त्यांच्यावर सेतोचा कायमच संशय असे. लारासने तिघांनाही निकालात काढलं. तिला खरा माणूस सापडला होता.

तो होता म्हातारा म्बाह कारियो, सगळ्या गावाचा आजोबा. लागोपाठ दोन संध्याकाळी ती त्याला खुराड्याजवळच्या खांबापाशी बघत होती. अंगावर लुंगीसारख्या पांघरलेल्या सारोंगची घडी छातीशी घट्ट धरलेली, आत काहीतरी लपवलेलं, आणि चाल चोरासारखी. एरवी हा माणूस अंधार पडायच्या आत दार लावून घेणारा. मग त्याचं तिथे काय काम?

तिसऱ्या संध्याकाळी तिने त्याला चहाच्या टपरीसमोरच गाठलं. शेतातून परतलेली माणसं बाकांवर बसून आंबवलेल्या सोयाबीनच्या तेम्पेची गरम भजी खात होती. असा भरलेला दरबार लारासला हवाच होता.

"म्बाह, सारोंगमध्ये काय आहे?"

म्हातारा थबकला. "काही नाही, न्दुक. म्हाताऱ्या माणसाची थंडी आहे."

न्दुक म्हणजे पोरी. तो गावातल्या सगळ्याच मुलींना तसं म्हणायचा. पण लारास तेवढ्याने विरघळणारी नव्हती. "पक्कड आहे की वायर?" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "बू रुसमिनीच्या खुराड्याची वीज रोज कोण चोरतं ते आम्हाला कळलंय. दाखवा बघू."

बाकावरच्या माणसांनी खाणं थांबवलं. म्बाह कारियोने एकदा तिच्याकडे बघितलं आणि सारोंगची घडी सैल केली. आतून एक तांबडी कोंबडी मान काढून बाहेर बघायला लागली. डोळे मिचकावत तिने सगळ्या टपरीवर नजर फिरवली आणि रागाने 'कुर्रर्र' केलं.

"खुडूक आहे," म्हातारा ओशाळून म्हणाला, जणू चूक त्याचीच होती. "म्हटलं, हिच्या पंखाखाली दहा-बारा तरी पिल्लं निभतील. रोज नेतो, पण दिवसाउजेडी ती त्यांना टोचते. अंधार पडल्यावर हळूच खाली सरकवली की घेते."

टपरीवर हशा पिकला. लारासचे कान तापले. खाली जमिनीत शिरावं असं तिला वाटलं, पण तिच्या जिभेला अजून खीळ बसली नव्हती. "मग वीज कोण घेतं?" तिने विचारलं.

हसू एकदम थांबलं. कोणीतरी चहा मागितला. कोणीतरी उद्याच्या हिमाविषयी बोलायला लागलं. म्बाह कारियोने कोंबडीचं डोकं आत दाबलं आणि तो जमिनीकडे बघत म्हणाला, "ते मला कुठलं कळतंय, न्दुक."

त्याला कळत होतं. तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. एवढं लारासच्याही लक्षात आलं, कारण तिच्या नजरेला नजर द्यायला तिथे कोणीच तयार नव्हतं.

"ते सगळे तुझ्याकडे का बघत नव्हते?" परत येताना सेतोने विचारलं.

"मला काय माहीत?"

"नाही, म्हणजे माझ्याकडे बघत होते. मी एवढा काही देखणा नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघांनी खुराड्याच्या बल्बपासून वायरीचा माग काढायला सुरुवात केली. हात लावायचा नाही, फक्त डोळ्यांनी चालायचं, असं लारासने बजावलं. वायर खुराड्यातून निघाली, खांबाला नुसती टेकली आणि गावाच्या बाजूला न जाता कुंपणाच्या बांबूंवरून वर चढायला लागली. कोबीचे वाफे ओलांडून, कॅरिकाच्या, म्हणजे डोंगरी पपईच्या झाडाला वळसा घालून ती एका घराच्या मागच्या भिंतीशी पोचली. तिथे प्लास्टिकच्या कागदाखाली एक बटण होतं.

भिंत निळी होती. ती निळी करायला लारासने स्वतः मदत केली होती.

सेतो म्हणाला, "कदाचित ही दुसरी वायर असेल." संध्याकाळपर्यंत ती दोघं पाण्याच्या पिंपामागे दबा धरून बसली. हिम बघायला आलेल्या, भाड्याने उतरलेल्या शहरी पाहुण्यांनी घरातल्या सगळ्या खोल्या भरल्या होत्या. थंडीने काकडत ते एकेक करून न्हाणीघराकडे निघाले होते, आणि न्हाणीघरात या वर्षीच बसवलेला भलामोठा गिझर होता. त्याचं कौतुक तिचे वडील पाक दार्मो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असत.

उजेड मावळला तसे पाक दार्मो मागच्या दाराने बाहेर आले. त्यांनी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. स्वतःच्याच घरामागे माणूस असा चोरून येताना लारासने कधी पाहिला नव्हता. त्यांनी प्लास्टिक उचललं, बटण खाली केलं आणि हात पुसत आत गेले. खाली, वाफ्यांपलीकडे, खुराड्याच्या फटींतला उजेड गेला आणि पिल्लं ओरडायला लागली.

लारासने सेतोकडे बघितलं. त्याने काहीतरी वात्रट बोलावं म्हणून ती वाट बघत होती. पण सेतो आपल्या चपलेकडे बघत राहिला, अगदी टपरीवरच्या मोठ्या माणसांसारखा. तिला त्याचंच सगळ्यात जास्त लागलं.

ती धावत खाली गेली. खुराड्याच्या दाराशी नस्तिती पिल्लं टोपलीत भरत होती.

"तुला माहीत होतं," लारास म्हणाली.

नस्तितीने हातातलं पिल्लू गळ्याशी धरलं. "वायर तुमच्याच मीटरवरून आहे. बाबा गेले त्या वर्षी तुझ्या बापाकनेच आपणहून दिली. आई म्हणते, दिलेल्या दिव्याबद्दल तक्रार करायची नसते. गिझर आणि बल्ब दोन्ही लावले की तुमचं मीटर पडतं, सगळ्या घराची वीज जाते. पाहुणे असतात ना."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या तोंडावर तुझ्या बापाकचं नाव कसं घेऊ?"

लारासला वाटलं, हिने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. म्बाह कारियोही म्हणूनच गप्प बसला होता. तिने भर बाजारात त्याला चोर ठरवलं, आणि खऱ्या माणसाचं नाव त्याने तिच्या समोर तोंडातून काढलं नाही, कारण ती त्या माणसाची मुलगी होती. तिला स्वतःची लाज वाटली. आणि त्या लाजेच्या मागे पिल्लं ओरडत होती.

"बटण वर करून येऊ का?" सेतोने हळूच विचारलं.

"मीटर पडेल. बापाक पुन्हा खाली करतील." लारासने नाक पुसलं. "दिव्याशिवाय ऊब कशी द्यायची ते सांग."

सेतो जरा घुटमळला. "हसणार नसशील तर सांगतो. माझे पाय गार पडतात ना, म्हणून आई सरबताच्या बाटलीत गरम पाणी भरते, सारोंगच्या तुकड्यात गुंडाळते आणि अंथरुणात ठेवते."

"अजूनही?"

"मी म्हटलं होतं, हसायचं नाही."

कोणी हसलं नाही. ईदच्या सरबताच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या गावात घरोघरी पडून होत्या. सेतो त्या पोतं भरून घेऊन आला. नस्तितीने जुने सारोंग फाडले. कोंबड्या झाकायचं मोठं डालं त्यांनी भुशावर पालथं घातलं, त्यावर गोधडी टाकली आणि पिल्लांना आत-बाहेर करायला एक बाजू उघडी ठेवली. चुलीवरच्या किटलीतून दोनच बाटल्या भरल्या. त्या डाल्याखाली ठेवल्या मात्र, जवळची पिल्लं त्यांना कोंबडीच्या पोटाला बिलगावं तशी बिलगली आणि गप्प झाली. बाकीची अजून ओरडतच होती. दुसरी किटली तापायला वेळ लागणार होता आणि सरपण ओलं होतं.

भरपूर गरम पाणी कुठे आहे ते तिघांनाही माहीत होतं. नस्तिती आणि सेतो ते बोलणार नव्हते.

"चला," लारास म्हणाली. "आमच्या गिझरमध्ये."

पुढचा पाऊण तास पठारावर एवढी धावपळ कोणी केली नसेल. न्हाणीघराच्या मागच्या बाजूला धुणं धुवायचा नळ होता आणि त्यालाही गिझरचंच पाणी यायचं. लारास भरायची, सेतो बुचं घट्ट करायचा, नस्तिती टोपलीत घालून खाली पळायची. बाटली गार झाली की परत वर यायची. खुराड्यातला गलका कमी होत होत नुसती बडबड उरली. आणि तेवढ्यात न्हाणीघरातून एक किंकाळी आली.

"पाणी! बर्फ आहे हे, बर्फ!"

दार धाडकन उघडलं. डोक्यापासून पायापर्यंत साबणाने माखलेला एक जाडजूड पाहुणा टॉवेल धरून नाचत बाहेर आला. मागोमाग पाक दार्मो धावत आले, घराला वळसा घालून नळापाशी पोचले आणि बाटल्यांच्या ओळीसमोर थांबले.

"लारास, काय चाललंय? पाहुण्यांचं पाणी कुठे नेतेस?"

वडिलांना उलटून बोलायची तिच्यावर कधी वेळ आली नव्हती. तिने मान खालीच ठेवली आणि आवाज जेमतेम फुटला. "पिल्लांना, बापाक."

"कोणाच्या पिल्लांना?"

"ज्यांचा दिवा तुम्ही रोज खाली करता, त्यांना."

पाक दार्मोंनी झटकन मागे बघितलं. पाहुणे खिडक्यांतून डोकावत होते. "हळू बोल," ते पुटपुटले. "तो दिवा आपण त्यांना फुकट दिलाय. कोणी मागितला नव्हता."

"दिला होता ना, बापाक. मग तो त्यांचा झाला." ती आता रडत होती. "मी म्बाह कारियोंना सगळ्यांसमोर चोर म्हटलं. सगळ्यांना माहीत होतं, पण मला कोणी सांगितलं नाही. तुमची मुलगी आहे म्हणून सांगितलं नाही."

साबणातला पाहुणा कुडकुडत म्हणाला, "एक मिनिट. कसली पिल्लं?"

शहरी माणसांना काय, पिल्लं म्हटल्यावर थंडी विसरली. आंघोळ अर्धी टाकून, अंगावर रग ओढून सगळी वरात विजेऱ्या घेऊन खाली निघाली. नाइलाजाने पाक दार्मोही निघाले. खुराड्यात एका बाजूला म्बाह कारियो उकिडवा बसला होता आणि त्याच्या तांबड्या कोंबडीच्या पंखांखालून इवली इवली डोकी बाहेर आली होती. दुसरीकडे डाल्याखाली, बाटल्यांभोवती बाकीची पिल्लं पेंगत होती. पाहुणे 'आहाहा' करत फोटो काढू लागले. पाक दार्मो दाराबाहेरच उभे राहिले, आणि मग कोणाला न सांगता वर निघून गेले. थोड्या वेळाने बल्ब लागला. वरच्या घरातला गिझर त्या रात्री बंदच राहिला.

सकाळी टपरीवर ही बातमी लारासच्या आधी पोचली होती. गावचे प्रमुख पाक लुराह स्वतः येऊन बसले होते आणि तिघांसाठी भजी मागवली गेली होती. पाक लुराहनी पोरांच्या हुशारीचं तोंडभर कौतुक केलं. सरबताच्या बाटलीचा असा उपयोग आपल्याला सुचला नसता, असं ते म्हणाले, आणि सेतोने आपले पाय कसे गार पडतात ते सगळ्यांना दोनदा सांगितलं. बू रुसमिनीने लारासच्या डोक्यावरून हात फिरवला. लारासने भजी बाजूला ठेवली. ती उठली, म्बाह कारियोसमोर गुडघे टेकून बसली आणि त्याच्या हातांवर तिने कपाळ ठेवलं.

"म्बाह, माझं चुकलं. मी सगळ्यांसमोर बोलले, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागते."

"अगं, कोंबडी पकडलीस ना पण," म्हातारा म्हणाला. "तेवढं कोणाला जमतं?"

तेवढ्यात पाक दार्मो रस्त्याने येताना दिसले आणि बाकांवर क्षणभर चुळबुळ झाली. मग पाक लुराह नेहमीच्या गोड आवाजात म्हणाले, "या, या, पाक दार्मो! तुमच्या घरचं गरम पाणी होतं म्हणून पिल्लं वाचली. खरे आभार तुमचेच."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बू रुसमिनीनेही डोलावली. लारासला कळलं, सगळं गाव मिळून तिच्या बापाकला अंधारातून बाहेर यायला दार उघडून देत होतं. त्यांनी नुसतं हसून आत यायचं होतं, की या विषयावर पुन्हा कोणी काही बोललं नसतं. तिने वडिलांकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घेतली. गावाने तिच्याशी तेच केलं होतं, आणि आता तीही वडिलांशी तेच करत होती.

पाक दार्मो बसले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"दिवा मीच बंद करत होतो," ते म्हणाले. "पाहुण्यांच्या गरम पाण्यासाठी. मेलेली पिल्लं माझ्यामुळे मेली." ते बू रुसमिनीकडे वळले. "पाहुण्यांना आजपासून चुलीवरचं पाणी. तुझी वायर आता घराच्या पुढच्या बाजूने घेतो. सगळ्यांना दिसेल अशी."

अशा वेळी बोलायचे शब्द त्या गावात कोणाकडेच नव्हते. शेवटी म्बाह कारियोने बाकावर सरकून जागा केली. पाक दार्मो तिथे बसले आणि त्यांनी चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला.

लारास उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. खांद्याला खांदा लागला तरी दोघांनाही एकमेकांकडे बघवेना.

समोरून नस्तितीने भज्यांची ताटली पुढे सरकवली. "शाळा उघडली की बाकावर खिडकीकडची जागा माझी," ती म्हणाली. "या वर्षी मी देणार नाही."